लांबडी कोण चालवतंय?

परात जागेवर नव्हती, तिथून सगळं सुरू झालं.

नांदेडला आई-अण्णांच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन उभी असते. मागे डिकीऐवजी अख्खी खोलीच जोडली असावी एवढी लांब, म्हणून गल्लीत तिला ‘लांबडी’ म्हणतात. तिचं इंजिन ऑइल गाळतं. कितीही वायसर बदला, गाळतंच. म्हणून आईने खाली एक चेपलेली परात कायमची ठेवलेली. त्या दिवशी मी लातूरहून आले तर परात वीतभर बाजूला आणि ऑइलचा ताजा डाग फरशीवर. म्हणजे गाडी जागची हलली होती. आणि ती हलवायची नाही असं घरात ठरलं होतं. ठरवणारी अर्थात मीच.

मी संशयी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. परीक्षेच्या हॉलमध्ये इतकी वर्षं पहारा दिल्यावर माणसाची नजर बिघडतेच. वाकून बुटाची लेस बांधणारा मुलगा मला कधी नुसती लेस बांधताना दिसलेला नाही.

अण्णा कापडाचे व्यापारी. लोहा, देगलूर असे आठवडी बाजार करायचे. तरुणपणी हैदराबादला एका लिलावात त्यांनी ही गाडी घेतली, कारण मागची सीट पाडली की कापडाचे तागेच्या तागे मावत. गाडी परदेशातून आली तशीच राहिली, स्टिअरिंग डाव्या हाताला. त्यामुळे पुढच्या ट्रकला मागे टाकायचं म्हणजे अण्णांना समोरचं काही दिसायचं नाही. उजवीकडे आई बसलेली असे. ती खिडकीतून मान काढून बघायची आणि म्हणायची, “काढा.” मग अण्णा काढायचे. आमचा सगळा संसार त्या एका शब्दावर रस्ता कापत आला.

ही गाडी बाळगणं म्हणजे घरात एक लाडावलेलं म्हातारं माणूस सांभाळणं. ब्रेकची रबरं मिळत नाहीत, दुसऱ्याच कुठल्या गाडीची घासून बसवायची. टायर शोधायला हैदराबाद गाठायचं. पेट्रोल तर ती पीत नाही, ढोसते. दर रविवारी अण्णा प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, कार्ब्युरेटर उघडून धूत, आणि आई रागावायची की एवढा वेळ कधी देवाला दिला नाही. मलाही त्या गाडीचा रागच यायचा. तिच्या मागच्या सीटवर झोपून मी लहानाची मोठी झाले तरीही.

मग अण्णांना काचबिंदू निघाला. उशिरा कळला. कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर झालं. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. मी किल्ली मागितली तर आईने कपाटातून काढून लगेच हातावर ठेवली. एवढ्या सहज? मला तेव्हाच खटकलं. पण किल्ली घेऊन लातूरला आले आणि निर्धास्त झाले.

परातीनंतर मी निर्धास्त कसली राहते! आजूबाजूला कुणी नाही बघून गाडीची तपासणीच केली. पुढची लांबलचक सीट पार पुढे ओढलेली होती. अण्णा सहा फुटी, त्यांचे गुडघे तिथे मावणारच नाहीत. पेडलवर लाकडाचे ठोकळे बसवले होते. म्हणजे चालवणारा बुटका. आणि बुटका म्हणाल तर आमचे मिस्त्री. बाजारामागे त्यांचं गॅरेज, वडिलांपासून हाच धंदा, मी त्यांना लहानपणापासून चाचा म्हणते. लग्नसराई चालू होती. लांबडीला फुलं लावून नवरदेव मिरवायला देत असतील, असं माझं चित्र तयार झालं.

गॅरेजवर जाऊन मी सरळच विचारलं, “चाचा, गाडी कोण नेतं?”

ते जीपच्या खाली होते. बाहेर न येताच म्हणाले, “गाडी उभी राहिली की मेली, बाई. इंजिन फिरवावं लागतंय.”

“आणि पेडलचे ठोकळे?”

“रबर घिसलं होतं.”

“सीट?”

जीपखाली पाना खणकन पडला. मग म्हणाले, “आईला पूछ ना, बेटी.” हे मी टाळाटाळ समजले. उत्तर येत नसलं की पोरं असंच दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

आईला विचारावं तर ती हल्ली सापडतच नव्हती. तिने एकाएकी भजनी मंडळ धरलं होतं. दुपारी फोन लावावा तर उचलायची नाही, संध्याकाळी म्हणायची, “भजनाला गेलते.” माझ्या आईचा गळा असा, की आरतीतही तिच्यामुळे बाकीचे सूर सोडतात. तिला भजन कुठून सुचलं? पण वय झालं की माणसं देवाकडे वळतात म्हणून सोडून दिलं.

मग एक दिवस समोरच्या काकांचा फोन आला. बँकेतून निवृत्त होऊन नुकतेच त्या गल्लीत राहायला आलेले गृहस्थ. “मॅडम, तुमच्या घरगुती गोष्टीत पडू नये, पण वडील सकाळी गाडी घेऊन जातात. आई शेजारी असतात. मी रोज बघतो.”

आंधळा होत चाललेला माणूस, हमरस्ता, आणि शेजारी आई! मी तिथूनच अण्णांना फोन लावला.

“अण्णा, तुम्ही गाडी चालवता?”

“न्हाई.”

“खरं सांगा.”

“तुझी शपथ, माय. स्टिअरिंगला हात लावला न्हाई.”

माझी शपथ! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला इंचभर कापड कमी मोजून दिलं नाही, तो माझी शपथ घेऊन खोटं बोलत होता. मी फोन ठेवला आणि खूप रडले. अपघाताची भीती होतीच, पण त्याहून हे लागलं. अण्णा खोटं बोलत असतील तर मग या जगात कुणावर विसंबायचं?

रागाच्या भरात मी गाडी विकून टाकायचं ठरवलं. लातूर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला हवी होती. इंजिन त्याला नको होतं. ते काढून टाकून तिथे तो कुंड्या ठेवणार होता. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. घरी काही न कळवता मी शनिवारी पहाटेची एसटी पकडली. मुद्देमालासह पकडायचं, हीच माझ्या कामाची पद्धत.

लोहा मागे पडलं, उजाडलं. मी ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीत बसले होते. विष्णुपुरी आली आणि समोरून लांबडी आली. सावकाश, बैलगाडीच्या चालीने. पुढे उजव्या बाजूला अण्णा होते. माझ्या इतक्या जवळून गेले की गालाची पांढरी खुंटं दिसली. चेहरा प्रसन्न. आणि दोन्ही हात मांडीवर.

त्यांच्यापुढे स्टिअरिंग नव्हतंच. ते कधीच उजवीकडे नव्हतं! आपल्याकडे उजवीकडे बसलेला तो चालवणारा. नव्या शेजाऱ्याला तेच दिसलं आणि त्या गाडीत वाढलेल्या मीही ते निमूट मानलं. मी अण्णांच्या पलीकडे बघितलं. डावीकडे, स्टिअरिंग घट्ट धरून, पदर खोचून, चष्मा नाकावर आणि मान ताठ, माझी आई होती.

मी अशी ओरडले की कंडक्टरने घंटी ओढली. उतरून रिक्षा केली आणि गाडीच्या मागे निघाले. धरणाकडच्या रस्त्याला झाडाखाली लांबडी उभी होती. आई बॉनेट उघडून पाण्याची पातळी बघत होती. मला पाहून दचकली, पण हातातलं पुसायचं फडकं तिने सोडलं नाही.

“लायसन?” मी एवढंच विचारलं.

तिने कमरेच्या पिशवीतून काढून दिलं. फोटोत ती पकडलेल्या चोरासारखी दिसत होती. “भजनाला जात होते ना,” ती म्हणाली. “ड्रायव्हिंग स्कूलच्या पोराकडं.”

“आणि किल्ली?”

“दोन हायत्या. तू एकच मागितली.”

“मला सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर काय म्हणली असतीस?”

“नाही म्हणाले असते.”

“मग?”

ती गाडीकडे बघून हळू म्हणाली, “घरात बोलतच न्हाईत गं. भिंतीकडं तोंड करून पडतात. हिच्यात बसले की आवाज ऐकून गियर सांगतात, चूक झाली की रागावतात. मला ते रागावलेले पाहिजेत.”

आतून अण्णांचा आवाज आला, “ती चिडली हाय का अजून?”

“विचारा की तुम्हीच,” आई म्हणाली.

त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पुढे गेली. “तुझी शपथ खोटी घेतली न्हाई, माय,” ते म्हणाले.

मी मागे बसले, उजवीकडे, माझ्या जुन्या जागेवर. आईने स्टिअरिंगखालचा गियर टाकला, अण्णा “क्लच सोड, सावकाश” म्हणाले आणि आम्ही नांदेडकडे निघालो. जरा पुढे गेलो तर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे लागला.

“आता?” मी विचारलं. “रोज कसं करता?”

“करतच न्हाई. मागं मागं जातो. त्यांना दिसत न्हाई, मला त्या बाजूचं कळत न्हाई.” मग ती म्हणाली, “आज तू हायस. बघ बरं.”

पर्समध्ये फोन वाजायला लागला. हॉटेलवाला असणार. मी तो वाजू दिला. खिडकीतून मान बाहेर काढली, उसाची कुसळं तोंडावर आली. एक मोटारसायकल गेली. मग एक जीप. मग रस्ता लांबपर्यंत रिकामा झाला.

“काढ,” मी म्हणाले.

आईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पुन्हा विचारलं नाही. तिने लगेच काढली.