आत्या वाचून दाखवायला सांगते

जगात भांडणं मिटवणारी माणसं पुष्कळ असतील, पण चारशे गिरगावकरांना मोबाईलवर सभ्य ठेवणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी आत्या निघाली. फणसवाडीतल्या आमच्या चाळीची माणसं आता विरारपासून कॅनडापर्यंत पांगली आहेत. त्यांचा ग्रुप निघाला तेव्हा पहिल्या पंधरवड्यात तीन अ‍ॅडमिन पळाले. एक राजकारणावरून, एक मटणावरून आणि तिसरा या दोन विषयांच्या मध्ये सापडला म्हणून. मग कुणीतरी आत्याचं नाव सुचवलं. ती लग्नानंतर दादरला गेलेली, चाळीत तिची खोली नाही, त्यामुळे स्वार्थ नाही, असं त्यामागचं गणित होतं. बहात्तराव्या वर्षी तिने ते काम सरकारी हुकूम निघाल्यासारखं हाती घेतलं.

आत्याने जन्मभर टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडले. माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय त्याचं काही खरं धरायचं नाही, ही तिची तिथली सवय. रोज सकाळी आंघोळ आटोपून ती शिवाजी पार्कजवळच्या आपल्या घराच्या खिडकीत वही घेऊन बसते आणि रात्रीतून आलेला शब्द न् शब्द वाचते. वहीत भांडणाऱ्यांची नावं नसतात, गप्प झालेल्यांची असतात. "ओरडणाऱ्याची काळजी नसते रे, तो आहे हे कळतं तरी," असं ती म्हणते आणि गप्प झालेल्यांना फोन लावते. सुप्रभातची फुलं माणशी रोज एक, हा तिचा नियम. एका निवृत्त हेडमास्तरांनी एकदा दोन पाठवली, तेव्हा तिने त्यांना फोन करून यातलं कुठलं ठेवू असं अदबीने विचारलं. मास्तर म्हणे दुपारपर्यंत विचार करत होते.

पण तिचं खरं अस्त्र वेगळंच. कुणी काही वेडंवाकडं लिहिलं, तर चारचौघांत ती त्याला एका शब्दाने टोकत नाही. ती फोन करते. "तू आत्ता लिहिलंयस ना, ते मला जरा वाचून दाखव. माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा नाकावरच असतो. कोर्टात तासन् तास बोलणारा आमचा एक वकील मित्र स्वतःचंच वाक्य वाचताना तिसऱ्या शब्दावर अडकला, खोकला आणि "पुसतो, ताई" म्हणाला. आजवर तिने एकाही माणसाला ग्रुपमधून काढलेलं नाही.

या बाईची खरी परीक्षा झाली ती चाळीच्या पुनर्विकासात. जिना टेकूंवर उभा होता. माझी आई पहिल्या माळ्यावर एकटी राहायची आणि दूध आणायलासुद्धा भिंत धरून उतरायची. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त दुसऱ्या माळ्यावरच्या नानांची होत नव्हती, आणि पावसाळ्याआधी काम सुरू झालं नाही तर बिल्डर माघार घेणार अशी बातमी होती. नाना कारणही सांगेनात. चाळीतूनच कॅनडाला गेलेल्या बाळाने ग्रुपवर लिहिलं की नाना दुसऱ्या बिल्डरला विकले गेलेत. आत्याने ते तात्काळ काढून टाकलं आणि सगळं वादळ तिच्यावर उलटलं. ती पक्षपाती आहे, तिला हटवा, असं लोक लिहू लागले. मला आईच्या पायाखालचा जिना दिसत होता. मी लिहिलं, "एक म्हातारा अडून बसलाय आणि दुसरी म्हातारी त्याला पाठीशी घालतेय." पाच मिनिटांत पंधरा अंगठे आले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

थोड्याच वेळात फोन वाजला. चष्म्याचं नेहमीचं कारण तिने या वेळी सांगितलं नाही. "वाच," एवढंच म्हणाली. मी 'अडून बसलाय'पर्यंत वाचलं. पुढचे शब्द समोर होते, पण तोंडातून निघेनात. पलीकडे तिच्या पंख्याची करकर ऐकू येत होती.

"पाणी पी," शेवटी ती म्हणाली. "मला काय म्हणायचं ते म्हण. पण नानांकडे सही मागायला सगळे गेले. काय झालंय, हे विचारायला कोण गेलं?"

तिला कारण ठाऊक होतं. पण नानांनी ते विश्वासाने सांगितलेलं होतं, त्यामुळे ती बोलणार नव्हती. मला म्हणाली, "तू जा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. नानांनी दार उघडलं. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, चहा आणला आणि कप अगदी नेमका टेबलाच्या मधोमध ठेवला. मग त्या गॅलरीतून नळाकडे निघाल्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत. काकू गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, असं आई मला कित्येकदा म्हणाली होती.

"तिला तीन वर्षं दिसत नाही," नाना हळू आवाजात म्हणाले. "हे घर तिला पावलांनी पाठ आहे. दुसरीकडे नेली तर खुर्चीतून उठायची नाही. लोकांना कळू द्यायचं नाही म्हणते, कीव करतात."

घरी येऊन मी माझं लिहिलेलं काढलं आणि सगळ्यांदेखत आत्याची माफी मागितली. तिचा लगेच फोन आला, की 'चूक'मधला चू दीर्घ असतो, तेवढा दुरुस्त कर.

मग ती स्वतः त्या टेकूंच्या जिन्याने दोन माळे चढली आणि चार दुपारी काकूंजवळ बसली. तिथे काय बोलणं झालं, ते मला आजही माहीत नाही. पाचव्या दिवशी काकूंच्या संमतीने तिने ग्रुपवर लिहिलं: "नानांच्या घरी नव्या जागेची सवय होईपर्यंत सोबत हवी. दुपारचा एक तास देऊ शकेल त्याने मला फोन करावा. कारण विचारू नये." संध्याकाळभर तिचा फोन एंगेज लागत होता. नानांसाठी लालबागला तळमजल्यावरची तात्पुरती खोली मिळाली आणि महिनाभर आमच्याकडच्या बायका पाळीपाळीने काकूंना तिथे नेऊन दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत चालवत राहिल्या. सोमवारी बाळाची परळची मावशी जायची. त्याआधी बाळाला कॅनडातून आपलं वाक्य वाचून दाखवावं लागलं होतं. तो रडला, एवढंच आत्याने मला सांगितलं.

एक दिवस काकूंनी त्या खोलीत एकटीने चहा केला आणि नानांनी सही केली. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडणार, तोच आत्याची सूचना आली: "अभिनंदन करू नये. माणूस घर सोडतोय." त्या दिवशी चारशे माणसं गप्प राहिली. मी एवढा दरारा दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

चाळ पाडल्यावर आत्या म्हणाली, मला एकदा दाखव. मी तिला घेऊन गेलो. कुंपणाच्या पत्र्यांच्या फटीतून सपाट जमीन दिसत होती, बाकी काही नाही. इतक्या माणसांना बोलतं ठेवणारी ती बाई बराच वेळ फटीला डोळा लावून उभी राहिली. मग बोट दाखवून म्हणाली, "तिथे माझी आई कपडे धुवायची."

मी तिचा हात धरला. तिला असं धरलेलं आवडत नाही, पण तिने तो सोडवून घेतला नाही.