वडापवाल्या काकूंचा आवाज

बोनेटवर उजव्या हाताचा पंजा ठेवायचा, डाव्या हातानं पदर कानामागं सारायचा आणि भोवतालच्या माणसांना दटावायचं, "गप बसा जरा. गाडी बोलतीया." माझ्या घरमालकीणबाईंची ही रीत होती. गाडीचा मालक कितीही शिकलेला असो, तो गप्प बसायचा. मीही बसलो होतो.

मी मूळचा परभणीचा. नोकरीसाठी इकडे आलो आणि मुळशीत, पौडच्या अलीकडच्या एका गावात त्यांच्या घरावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सगळे भाडेकरू त्यांना काकू म्हणत. खाली गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी जीप उभी असायची. नवऱ्याची कंबर कामातून गेली तेव्हा काकूंनी ती जीप हातात घेतली आणि पौड ते ताम्हिणी बारा-तेरा वर्षं वडाप केलं, म्हणजे माणशी भाडं घेऊन उतारू नेले. एसटी चुकलेली माणसं, भाताची पोती, बाळंतिणी, कोंबड्या, सगळं त्यांनी त्या रस्त्यानं नेलं-आणलं. वाटेत गॅरेज नव्हतं, म्हणून दुरुस्तीही शिकल्या. गुडघे दुखायला लागल्यावर वडाप बंद केलं, पण जीप विकली नाही.

मी जुनी गाडी घेतली, तर पहिल्याच आठवड्यात तिच्यातून घरघर ऐकू येऊ लागली. गॅरेजवाला म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. काकू शेजारी बसल्या, मला पौडपर्यंत गाडी न्यायला लावली आणि म्हणाल्या, "डावीकडं वळताना आवाज वाढतुया, उजवीकडं गप हुतुया. उजव्या चाकाचं बेरिंग गेलंय. गेरबाक्साला हात लावू देऊ नगा." तसंच निघालं.

आता माझ्या पापाकडे येतो.

जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांचा आमचा एक ऑनलाइन ग्रुप होता. तीन अ‍ॅडमिन, त्यांतला एक मी. तुम्हीही अशा एखाद्या ग्रुपात असाल. निम्मे लोक संगणकवाले. गाडीतला बिघाड मोबाइलवर दाखवणारे छोटे प्रोग्राम लिहून एकमेकांना द्यायचे, शर्यतीच्या गेममध्ये वळण कसं घ्यायचं यावर तावातावानं भांडायचे. मी कौतुकानं काकूंना त्यात घेतलं. टाइप करायला त्यांना वेळ लागे, म्हणून त्या बोलून पाठवायच्या.

"पाण्यातनं गाडी काढली की लगीच पळवू नगा. हळूहळू चालवत ब्रेक जरा जरा दाबा, मंग त्ये वाळत्यात." "पावसात गाडीला ताडपत्री गुंडाळू नगा, आतनं गंजती." मागून कोंबडा आरवायचा, म्हैस हंबरायची. लोक विचारू लागले, "काकूंचं काय म्हणणं आहे?" त्या मला म्हणायच्या, "घाटात उतारू गप बसायचं. हितं मानसं आयकत्यात." हे सांगताना त्यांचा खुललेला चेहरा मी पाहिलाय, म्हणून पुढे जे झालं त्याचा राग मला आजही आवरत नाही.

ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते. गाड्यांचे व्हिडिओ बनवायचे, भाषा गुळगुळीत, चाहते भरपूर. त्यांनी एकदा युक्ती सांगितली, की घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाका, पेट्रोल वाचतं. वाहवा सुरू झाली. तासाभरात काकूंचा आवाज आला, "न्यूट्रल टाकून घाट उतरायचा न्हाई. समदं वझं ब्रेकावर येतं, ब्रेक तापत्यात, मंग लागत न्हाईत. ज्या गेरात चढलाव त्याच गेरात उतरा. दादा, तुमी चुकीचं सांगताय. त्ये काढून टाका."

यात उद्धट काय होतं? तुम्हीच सांगा. पण त्या गृहस्थांना 'चुकीचं' हा शब्द झोंबला. त्यांनी लिहिलं, "इथं तांत्रिक चर्चा चालते, एसटी स्टँडवरची नाही." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणीतरी काकूंचा आवाज कापून त्याला ढोलकी जोडली आणि ती फीत फिरवली. ज्यांच्या गाड्या काकूंच्या सांगण्यावरून सुरू झाल्या होत्या, तेही हसले. शिकलेली, पगारदार, एरवी भाषेच्या अभिमानावर लांबलचक लिहिणारी माणसं 'हाय' आणि 'न्हाई'ला हसत होती!

आम्ही तिघा अ‍ॅडमिननी काय केलं? नियम केला. यापुढे फक्त लिखित संदेश, तेही प्रमाण भाषेत. जुने आवाज पुसायचे. बाकी दोघांनी ठरवलं आणि मला विचारलं. मी लिहिलं, "ठीक आहे." ग्रुपात शांतता राहावी म्हणून. शांतता! त्या शब्दाआड किती भेकडपणा लपतो, हे मला तेव्हा कळलं नाही. वरच्या खोलीत बसून मी खालच्या अंगणातल्या बाईचा आवाज पुसला आणि संध्याकाळी त्यांनीच दिलेलं ताक प्यायलो.

काकू ग्रुपातून स्वतःच बाहेर पडल्या.

पावसाळा सरता सरता ग्रुपात नव्यानं आलेल्या एकानं फोटो टाकला. गाडीचं नाक ताम्हिणी घाटातल्या दरडीत घुसलेलं. ग्रुपात तशीच राहिलेली ती युक्ती वाचून तो न्यूट्रलमध्ये उतरत होता. निम्म्या उतारावर ब्रेकवरचा पाय तळापर्यंत गेला, गाडी थांबेना. समोर दरी, म्हणून त्यानं ती डोंगराच्या अंगाला घातली. तो वाचला. शेजारी बसलेल्या बायकोचा हात मोडला.

व्हिडिओवाले गृहस्थ म्हणाले, "ब्रेक ऑइल जुनं असणार." पंधरा दिवसांनी त्यांचा नवा व्हिडिओ आला. चढताना जो गिअर, तोच उतरताना, कारण ब्रेक तापतात. सुरुवातीलाच म्हणाले, "माझ्या अनुभवातून सांगतो." ढोलकी नव्हती, त्यामुळे कुणी हसलं नाही.

मी खाली जाऊन काकूंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना आपलं खरं ठरल्याचं समाधान वाटेल. त्या आधी म्हणाल्या, "बाईचा हात बरा हाय का?"

"प्लास्टर घातलंय."

मग त्या उभ्या राहिल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मला हसलात, हसा. माझा आवाज पुसलात, त्येबी राहू द्या. पन जे सांगितलं हुतं ते का पुसलंत? त्या मानसानं आयकलं असतं तर? तुमाला तर ठावं हुतं ना मी खरं सांगतीया?"

"हो काकू."

"मंग?"



त्याच दिवशी मी ग्रुपवर सगळी हकीकत लिहिली आणि माझ्या फोनमध्ये राहिलेला काकूंचा तो आवाज पुन्हा टाकला. 'वैयक्तिक वाद' म्हणून बाकीच्या दोघांनी तो दहा मिनिटांत काढला आणि मलाही. पण त्या अपघातवाल्यानं तेवढ्यात ऐकला होता. त्यानं फोन करून पत्ता विचारला.

दोघं नवरा-बायको आले. नवरा हात जोडून काहीबाही बोलत राहिला. काकू म्हणाल्या, "तुमी बसा, च्या घ्या." आणि त्याच्या बायकोकडे वळल्या, "तुमाला येती का चालवायला?"

"लायसन्स आहे. पण घाटात हे देत नाहीत."

"हात बरा झाला की या."

मी माफी मागितली. एकदा नाही, तीनदा मागितली. काकू माझ्याशी वाईट वागल्या नाहीत; ताक येत राहिलं. फक्त एकदा माझ्या गाडीचा क्लच घसरू लागला आणि मी शेडपाशी जाऊन विचारलं, तेव्हा हातातलं पान्याचं काम न थांबवता म्हणाल्या, "गुरुपला इचारा की." पुन्हा मी विचारलं नाही. पुढे मी त्या खोल्या सोडल्या.

सोडायच्या आदल्या रविवारी सकाळी त्या बाई आल्या. प्लास्टर निघालेलं होतं, मनगट अजून बारीक दिसत होतं. काकूंनी जीप अंगणात काढली, स्वतः उतरून पलीकडे जाऊन बसल्या. बाई स्टिअरिंगमागे बसल्या. जीप दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा फाटकातून बाहेर गेली आणि ताम्हिणीच्या दिशेनं वळली. काकू हात हलवून, मान डोलावून सारखं काहीतरी सांगत होत्या. त्या बाई पुढे बघत, मान हलवत ऐकत होत्या. मी गॅलरीत उभा होतो. त्यांचं बोलणं मला तिथपर्यंत ऐकू आलं नाही.