भंडाऱ्याची चिमूट

उंदीर म्हणजे अणदूरच्या कोंडीरामचा जन्माचा वैरी. पिठाची गिरणी चालवणाऱ्या माणसाचं दुसरं काय असणार? आणि तोच कोंडीराम साठी उलटल्यावर गल्ल्याशेजारी पांढऱ्या उंदरिणीचा पिंजरा मांडून बसला होता.

सोलापूरला शिकणाऱ्या नातीनं, हर्षालीनं, ती पाळली होती. हॉस्टेलवर परवानगी मिळेना, म्हणून तिनं गावी आणली. "आबा, थोडेच दिवस सांभाळा," म्हणाली. कोंडीरामनं आधी नाक मुरडलं. पण बायको गेल्यापासून दिवसभर गिरणीच्या घरघरीत बोलायला कुणी नव्हतं. ही उंदरीण, राणी तिचं नाव, त्याच्या हातावरचा ज्वारीचा दाणा दोन्ही पंजांत धरून खायची, आणि तो तिला गावच्या गोष्टी सांगायचा.

"लोक उंदरापायी मांजर पाळत्यात," दळण घेऊन आलेली गंगम्मा म्हणायची. "तुम्ही मांजर हाकललं अन् उंदीर ठिवला, व्हय?"

"उंदीर न्हाय, राणी हाय ती. नावानं बोलायचं."

उन्हाळा आला. शेजारचं मिरची कांडप सुरू झालं आणि राणी शिंकायला लागली. मग तिच्या छातीतून खर्रखर्र ऐकू यायला लागली. कोंडीराम देवळातून खंडोबाचा भंडारा घेऊन आला. रोज सकाळी "देवा, सांभाळ" म्हणत पिंजऱ्यात चिमूटभर उधळायचा. खर्रखर्र वाढतच गेली. एके दिवशी नाकाजवळ लाल दिसलं. ते रक्तच, असं त्याला वाटलं. त्यानं गिरणीला कुलूप लावलं, भोकं पाडलेल्या डब्यात राणीला ठेवलं आणि सोलापूरची एसटी धरली.

फोन केल्यामुळं हर्षाली स्टँडवर उभीच होती. तिनं त्यांना प्राण्यांच्या डॉक्टर भैरवीताईंकडे नेलं.

"लाल आहे ते रक्त नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उंदीर आजारी पडला की डोळ्यानाकातून असं लाल पाणी येतं. पण हे पिवळं काय?"

"भंडारा हाय ताई. देवाचा. रोज टाकतो."

हर्षालीनं कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "आबा, भंडारा म्हणजे शेवटी हळदीची पूडच. हिचं नाक केवढंसं! पीठ, तिखट आणि वर ही पूड."

कोंडीरामनं डबा जवळ ओढला. "म्हंजे म्याच मारायला निघालो व्हतो?"

"आजार छातीत आधीचाच असणार. धुळीनं तो बळावला. वेळेवर आणलंत. औषध देते. आजार मुळापासून जाईलच असं नाही, पण धुळीपासून लांब ठेवलीत तर बरी राहील. गिरणीत नको."

परतताना गाडीत त्यानं डबा मांडीवर धरला. गिरणीत राणी नको, म्हणजे पुन्हा नुसती घरघर.

घरी येऊन त्यानं पिंजरा धुतला, ओसरीत हवेशीर जागी ठेवला, खाली कागदाचे तुकडे अंथरले. औषध सुरू झालं. दुपारी तो गिरणी बंद करून घरी जेवायला यायला लागला. आधी हातपाय धुवायचा, पिठाचा सदरा बदलायचा, मगच राणीपाशी बसायचा. राणीच्या छातीला धूळ बाधली हे पाहून स्वतःही गिरणीत नाकाला रुमाल बांधायला लागला. हा रुमाल बांधा म्हणून हर्षाली किती वर्षं सांगत होती! त्याचा स्वतःचा सकाळचा खोकलाही उतरला.

"दुपारची गिरणी बंद? उंदराला जेवू घालाया?" दळणाचा डबा टेकवत गंगम्मानं गिरणीच्या दारातच गाठलं.

"अहो, खंडोबा येवढा मोठा देव! दरसाल अणदूरचं बिऱ्हाड हलवून नळदुर्गाला जातो. राणीनं गिरणीतनं ओसरीत हलवलं तर तुमचं काय बिघडलं?"

गंगम्मा हसत सुटली. "जावा, जेवा. बसते म्या हितं सावलीला."

घरी आल्यावर त्यानं भंडाऱ्याची चिमूट घेतली, पण पिंजऱ्याकडं नेली नाही. पाण्यात कालवून स्वतःच्या कपाळाला लावली, हात धुतले आणि पिंजऱ्याला कान टेकवला. खर्रखर्र नव्हती. राणी ज्वारीचा दाणा फोडत होती, तेवढाच काय तो आवाज.