घोटलेल्या दोन पट्ट्या

सातवीत शाळा सुटली माझी, त्यामुळे कुकटपल्लीच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत काय चालतं ते माझ्याच शब्दांत सांगते. ग्रॅफिनची काळी शाई असते. पेन्सिलीच्या शिशाचे अगदी पातळ पापुद्रे तिच्यात कालवलेले. ती मी जाळीच्या चौकटीतून प्लास्टिकच्या कागदावर छापते. रेडिओच्या यंत्रांत तांब्याऐवजी अशा छापील पट्ट्या चालतील का, ते आमच्या संशोधक मॅडम बघतात. पट्टीच्या एका टोकातून मशीन मायक्रोवेव्ह लहर सोडतं आणि दुसऱ्या टोकाला किती पोचली ते मोजतं. वाटेत जितकी लहर जिरेल तितकी पडद्यावरची रेघ खाली बसते.

मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण मला ताई म्हणतात. घर इथलंच, नल्लकुंट्याचं. मराठी बोलतात, वाचताना मात्र अडतात. डबा खाताना मी त्यांना दिवाळी अंकातली गोष्ट वाचून दाखवते. एवढी शिकलेली बाई माझं ऐकत बसते, याचं मला अजून नवल वाटतं.

आधी मी याच शहरात, जामबागेत लग्नपत्रिकांच्या दुकानात होते. तिथले उस्ताद सोनेरी अक्षरं चकाकी येईस्तोवर कवडीनं घोटायला लावायचे. म्हणायचे, "छापना आधा काम है अम्मा, आधा रगडना." मॅडम स्वतःच्या पत्रिका घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी माझं काम पाहिलं होतं. पुढं दुकान बंद झालं आणि त्यांनी मला इकडं बोलावून घेतलं. नाहीतर मी परत मराठवाड्यात, गावाकडं गेले असते. म्हणूनच मला भीतीही जास्त. वाळलेल्या शाईला हात लावला म्हणून माझ्या आधीच्या माणसाला प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी काढून टाकलं होतं.

आणि मी तेच केलं. सहा पट्ट्यांपैकी दोन निस्तेज दिसत होत्या. वर बटर पेपर ठेवला आणि पर्समधली कवडी काढून घोटल्या. विचार असा केलाच नाही. हातानंच केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोजमाप घेतलं. चार पट्ट्यांची रेघ नेहमीसारखी, त्या दोन्हींची बरीच वर. मॅडमनी वायरी आवळल्या, मशीन पुन्हा जुळवलं, पुन्हा मोजलं. तेच. दोन दिवस त्या परेशान होत्या आणि मी शेजारच्या टेबलावर जाळी पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

शेवटी त्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी गलत होतंय. काढून टाकू या दोन."

मी जाळी खाली ठेवली. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण चूक माझी, आणि ती त्या स्वतःच्या माथी घेत होत्या.

"मॅडम, मी घोटल्या त्या."

"काय केल्या?"

मी कवडी दाखवली. त्यांनी कवडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"दोन दिवस झाले ताई, मी मशीनशी भांडतेय. आधी का नाही बोललात?"

"काढून टाकाल म्हणून."

त्या हसल्या नाहीत. उरलेल्या चारपैकी एक पट्टी पुढं सरकवली. "माझ्यासमोर घोटा."

मी घोटली. मोजली, तर रेघ वर. आणखी घोटली, रेघ आणखी थोडी वर. त्यांनी समजावलं की दाबल्यावर पापुद्रे एकमेकांना चिकटून बसतात, मधली फट मिटते आणि लहर कमी जिरते.

"किती जोर लावता?"

"लागेल तेवढा."

"हे वहीत कसं लिहू मी?"

मग त्यांनी शाईचे डबे तोलायचा काटा आणला, त्यावर काच, काचेवर पट्टी ठेवली, आणि मला घोटायला लावलं. आकडा नाचत दोन किलोच्या आसपास थांबायचा. "हात आहे की मशीन," त्या पुटपुटल्या आणि लिहीत राहिल्या. सहा वाजता त्यांनी मोठ्या सरांना फोन लावला. सर काढणारच, म्हणून मी बॅग भरून उभी. माझं नाव घेऊन त्या म्हणाल्या की ही रीत ताईंची आहे, उद्यापासून ताई माझ्याबरोबर मोजायलाही बसतील. पलीकडून सर 'बरं' म्हणाले.

बसमधून मी आईला फोन केला.

"आई, काम टिकलं माझं."

"कुठं गेलं होतं?"

तिला यातलं काही ठाऊकच नव्हतं. "काही नाही, जेवलीस का?" म्हणाले.