एकशे ऐंशी की दोनशे पाच: सनीव्हेलचे चार दिवस

"पंडित, यायचं तर आत्ता ये. डिसेंबरच्या सेलची वाट बघू नकोस," मुकुंदा फोनवर म्हणाला. मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावी घरामागची पानं गोळा करत होतो. ढीग तसाच सोडला आणि तिकीट काढलं. आयत्या वेळी तिकीट काढलं की विमान कंपनी दुःखाचाही भाव लावते, हे ध्यानात असू द्या.

मुकुंदा आणि मी पुण्याला अकरावी-बारावीत संस्कृतच्या एका बाकावर बसायचो. तो पुढे चिप डिझाइनमध्ये गेला. मी संस्कृतातच राहिलो आणि बायकोच्या नोकरीमागे मिशिगनला आलो. आता त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता.

सॅन होजेला उतरून भाड्याची गाडी घेतली. सनीव्हेल जवळच. दार शैलाने, त्याच्या बायकोने, उघडलं. स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी पालथ्या फुलपात्रासारखं एक स्टीलचं यंत्र होतं, वर प्लास्टिकची लांब पिशवी. त्यात गांजा जाळत नाहीत, नुसता तापवतात; वाफ पिशवीत भरते आणि ती ओढायची. डॉक्टरांचं पत्र असलं की कॅलिफोर्नियात हे चालतं.

"सेल्सिअस आहे हं, मशीन जर्मन आहे," शैलाने समजावलं. "एकशे ऐंशीला मळमळ थांबते, डोकं साफ राहतं, पण दुखणं निम्मंच जातं. दोनशे पाचला दुखणं जातं."

"आणि मीही जातो," मुकुंदा म्हणाला.

"आयुर्वेदाच्या ग्रंथांत या वनस्पतीला विजया म्हटलंय," मी म्हणालो, "पण तापमान कुणी दिलेलं नाही."

"ऋषींकडे थर्मोस्टॅट नव्हता यार. शैला, एकशे ऐंशी लाव. पाहुणा आलाय."

दुसऱ्या दिवशी औषध, म्हणजे गांजाच, आणायला सॅन फ्रान्सिस्कोला गेलो. एकशे एक नंबरचा हायवे टाळा आणि दोनशे ऐंशी घ्या. जरा लांब पडतो, पण दोन्हीकडे सोनेरी टेकड्या आहेत आणि टोल नाही. शहरात पार्किंग मीटरसाठी चिल्लर हवी. दुकानाच्या दारावरच्या धिप्पाड माणसाने मुकुंदाचं पत्र पाहिलं, मला पाहिलं आणि मला फुटपाथवर ठेवलं.

"तुला म्हणाला, यू लुक टू हेल्दी," मुकुंदा बाहेर येत म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुला हेल्दी म्हणालं."

परतताना तळ्याकाठच्या विश्रांतिस्थळी थांबलो. शैलाने दिलेली थालीपीठं मी खाल्ली, त्याने फक्त वास घेतला. गाडी पुन्हा निघाल्यावरही मी बोलत होतो: कॉलेज, परीक्षा, कुणाचं काय झालं. तो हसत होता. सीटबेल्ट मुठीत घट्ट धरून हसत होता. मला वाटलं, माझं ड्रायव्हिंग.

तिसऱ्या सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा शैलाने चहा पुढे ठेवला आणि नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"भावोजी, रागावू नका. एरवी तो दोनशे पाचच लावतो. तुम्ही आल्यापासून एकशे ऐंशीच्या वर जाऊ देत नाही. म्हणतो, तो एवढ्या लांबून आलाय, मी काय झोपून दाखवू?"

चहा मी तसाच धरून बसलो. आपल्याकडे पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, एकटं बसवत नाहीत. आणि पाहुणाही यजमानाला बरं वाटावं म्हणून बोलत राहतो. दोघांनी मिळून दोन दिवस एका माणसाचं दुखणं राखलं होतं.

दुपारी गॅलरीत ऊन आलं. मुकुंदा खुर्ची सरकवत म्हणाला, "संस्कृतचे दामलेसर शिकवता शिकवता वर्गात रडले होते, आठवतं? का रडले ते फक्त मला माहीत आहे. सांगतो आज."

कपाळावर घाम होता त्याच्या. मी जांभई दिली.

तो बघत राहिला. "पंडित, तुला जांभईसुद्धा धड देता येत नाही."

"जेट लॅग आहे रे. जरा पडतो. तूही पड."

"शैला बोलली ना?" मी मान हलवली. त्याने तोंड समोरच्या झाडाकडे वळवलं. मग म्हणाला, "बरं. तूच लाव."

आकडे मी वर नेले. एकशे नव्वद. दोनशे. दोनशे पाच. पिशवी फुगत गेली, खोबरं करपल्यासारखा वास आला. त्याने सावकाश ओढून घेतली. हळूहळू कपाळावरची आठी सैल झाली. कॉलेज सुटल्यापासून ते कपाळ इतकं सपाट मी पाहिलं नव्हतं.

"तर त्या दिवशी," तो डोळे मिटून म्हणाला, "सर मला सायकलवर डबलसीट घरी घेऊन गेले. बायकोचं कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. दार ढकललं, तर आत..."

पुढे संथ श्वास. शैलाने पांघरूण घातलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा खाली बसली.

चौथ्या दिवशी पहाटेचं विमान होतं. तो झोपलेलाच होता. यंत्राला हात न लावता निघालो.

ट्रॉयला पानांचा ढीग भिजून काळा पडला होता. पुढच्या रविवारी फोनवर विचारलं, "दार ढकललं, मग?" तो म्हणाला, "कसलं दार रे?" आवाज मऊ होता, दुखत नसलेला. मी विषय बदलला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी तो गेला. शैलाला सरांचं नावही माहीत नव्हतं.

कुणी सांगितलं, परत जा आणि आकडा पुन्हा निवड, तर मी दोनशे पाचच निवडीन. ते दार मात्र अर्धं ढकललेलंच राहील.

आजारी मित्राला भेटायला लांबून जाणाऱ्यांनो, दोनशे ऐंशीने जा, चिल्लर जवळ ठेवा. आणि जांभई पहिल्याच संध्याकाळी द्या.