आजोबांचा राहिलेला धडा

आजोबांच्या तेराव्याला पानं वाढत असताना त्यांचा फोन वाजला. तो बंद करायचा धीर अजून कुणाला झाला नव्हता. मी उचलला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "आजोबा हायेत का? सातवा धडा अर्धाच आलाय." मी सांगितलं, आजोबा गेले. ती हळूच म्हणाली, "मग आता धड्याचं कसं?"

माझं डोकंच फिरलं. इथे माणूस गेलाय, पंगत बसलीये आणि हिला धड्याची पडलीये. "नंतर बघू," म्हणून मी फोन ठेवला.

ही मुलगी लोणी काळभोरची. तिला जन्मापासून दिसत नाही. शहरातल्या एका कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करते. तिच्या एका पुस्तकाची छपाई इतकी पुसट, की वाचून दाखवणारा फोन त्यातलं निम्मं गिळतो. म्हणून आजोबा ते मोठ्यानं वाचून, रेकॉर्ड करून तिला पाठवत. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, पण वाचायला बसला की ऐट कीर्तनकाराची. दुपारी आमच्या फ्लॅटमध्ये संचारबंदी. पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर लावायचा नाही. आईनं एकदा विचारलं, "अहो, मग जेवायचं कधी?" त्यावर उत्तर, "उपास प्रकृतीला चांगला असतो."

आणि नुसतं वाचतील तर शपथ. मधेमधे शेरे चालू. लेखकानं काही ठाम विधान केलं की हे म्हणायचे, "असं यांचं म्हणणं. म्हणोत बापडे." सहामाही परीक्षेत ती उत्तर सांगत गेली, लेखनिकानं शब्दाला शब्द उतरवून घेतला, आणि इंग्रजांच्या धोरणाखाली 'म्हणोत बापडे' तसंच पेपरात गेलं. तपासणाऱ्यांनी त्याखाली लाल रेघ ओढली. आजोबांना हे कळलं तेव्हा हसून हसून ठसका लागला, आणि दुसऱ्या दिवसापासून शेरे वाढले.

पंगत उठल्यावर मी त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. जमीन महसुलाचा धडा. दर दोन ओळींनी धाप. रयतवारीच्या मध्यावर आले आणि म्हणाले, "थांब गं जरा, पाणी पितो." पुढे काही नाही. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

मी पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, "उरलेलं मी वाचते. परीक्षेच्या आत सगळं पुस्तक तुझ्याकडे येईल." आईला वाटलं, मी दुःखाच्या भरात बोलतेय. "ऑफिस सांभाळून जमणार आहे का तुला?" न जमायला काय झालं? आजोबांनी हातात घेतलेलं काम अर्धवट राहिलं, असं मी जिवंत असताना कुणी म्हणायचं नाही. आईला मी एवढंच सांगितलं आणि चष्मा शोधायला गेले.

बोलणं सोपं होतं. ऑफिसातून आले की दार लावून बसायची, आणि रयतवारी म्हटलं की आवाज चिरकायचा. रेकॉर्डिंग पुसायचं, परत सुरुवात. तिला स्वच्छ, खणखणीत वाचन गेलं पाहिजे, माझं रडगाणं नाही, असा माझा हट्ट. आठवड्यात जेमतेम चार पानं गेली, तीही पुढच्या धड्याची. रयतवारी तशीच लोंबकळत राहिली.

शेवटी तिचाच फोन आला. "ताई, एक बोलू का? राग यील तुमाला."

"बोल."

"परीक्षा तोंडावर आलीया. तुमी लई थोडं पाठवताय."

मी खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "आजोबांना तर धाप लागायची. एकदा वाचता वाचता डुलकी लागली, घोरणंबी आलंय त्यात. मी सगळं ऐकलं. मला चांगलं नको ताई, पुरं पायजे. रडायचं तर रडा, पण वाचत ऱ्हावा."

मला राग आला, नाही असं नाही. पण इतक्या दिवसांत माझ्याशी एवढं शहाणपणाचं कुणी बोललं नव्हतं. सांत्वनाला आलेली सगळी मंडळी 'रडू नकोस' एवढंच सांगून चहा पिऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आजोबा थांबले होते त्याच ओळीपासून सुरू केलं. 'सरकार आणि शेतकरी यांच्यात थेट करार' इथे रडू फुटलं. असल्या वाक्याला जगात दुसरं कुणी रडलं नसेल. पण थांबले नाही. नाक ओढत, हुंदके देत धडा संपवला. पुसलं नाही, पाठवून दिला. तिथून पुढे रोज वाचलं, जमेल त्या आवाजात, आणि पेपरच्या आधी पुस्तक हातावेगळं केलं.

पेपर झाला त्या दुपारी तिचा फोन आला. "झ्याक गेला. सगळं आलं सांगायला."

"रयतवारीवर काय विचारलं होतं?"

"ती आलीच न्हाई," ती म्हणाली. "पण मला पाठ हाय ताई. निम्मी त्यांच्या आवाजात, निम्मी तुमच्या."