पोलादपूरच्या घराचं गहाणखत

महाडच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. ज्या वर्षी विलायती कापडावर बहिष्कार पडला, नेमकं त्याच वर्षी ह्यांनी लग्नसराईसाठी दुकान विलायती मालाने ठासून भरलं. मी म्हटलं होतं, अहो, जरा दमानं घ्या. पण बायकांचं ऐकतो कोण! दासगावच्या बंदरावरून आणलेले गठ्ठे तसेच पडून राहिले. दिवाळं निघालं, कोर्टाने ह्यांना नादार ठरवलं आणि राहतं घरही लिलावात गेलं. लिलावाची दवंडी आळीआळीतून ह्यांच्या नावाने पिटली. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते दवंडीवाला नाक्यानाक्यावर बोंबलत होता. त्याची जीभ हासडावीशी वाटली मला.

मग पोलादपूरला माझ्या दादाच्या पडवीत येऊन राहिलो. वहिनी तोंडाने काही बोलायची नाही, भांडी आपटायची. हे दुसऱ्याच्या दुकानात लिखापढी करायला जात. शेजारच्या आळीत दोन खोल्यांचं कौलारू घर विकायला निघालं, तेव्हा मी हट्टच धरला. उपाशी राहीन, पण आता आपल्या छपराखाली.

नादार माणसाला कर्ज कोण देणार? दोघांनी चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी हिरड्याचा एक म्हातारा व्यापारी तयार झाला. तोही ह्यांच्याकडे न बघता बोलला. "तुमच्या नावावर घेतलंत तर जुने घेणेकरी उद्या दारात येतील. घर बाईंच्या नावावर घ्या, गहाणखत त्यांनीच करायचं. अन् नवऱ्याचा ह्यात काडीचा हक्क नाय, हे सायबापुढं त्यांनी तोंडानं सांगायचं."

"सांगेल ती," हे म्हणाले.

आईकडून आलेल्या पाटल्या मोडल्या, उरलेल्या रकमेला गहाणखत लिहिलं आणि दादाला बरोबर घेऊन नोंदणीला महाडच्या कचेरीत गेलो. हे आत आलेच नाहीत, खिडकीखालच्या पायरीवर छत्री धरून बसले.

"नवऱ्याचं नाव?" साहेबांनी विचारलं. मी सवयीने दादाकडे पाहिलं. बाईच्या नवऱ्याचं नाव बरोबरच्या पुरुषाने सांगायचं, अशीच रीत होती आमच्यात. दादाने तोंड उघडलं तोच साहेब म्हणाले, "तुम्ही नाही. घर बाईंचं आहे, बाईंनीच सांगायचं."

बाकावरचा एक मेला हसला. "घ्या वहिनी, उखाणा घ्या!"

अंगाची आग आग झाली. एकदाचं संपू दे, म्हणून मी ह्यांचं नाव मोठ्याने घेतलं आणि त्याच दमात म्हटलं, "ह्या घरावर त्यांचा कसलाही हक्क नाही." पायरीवर सगळं ऐकू गेलं असणार. परत येताना गाडीत हे एवढंच बोलले, "स्पष्ट बोललीस. बरं झालं."

नव्या घरात गेल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी अंगणात कुणीतरी खाकरलं. परका पुरुष दारात येताना खाकरतो, आतल्या बायकांनी सावरून बसावं म्हणून. मी पदर घेऊन बाहेर आले, तर हे! हातात वहाणा.

"अहो, आपल्याच घरात खाकरता काय?" मला हसूच आलं.

"घर तुझं आहे," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी साधेपणाने.

नंतर रोज तेच. भिंतीला खिळा ठोकायचा तरी मला विचारायचे. मी भांडले, रडले, एकदा तर ताट भिरकावलं. मला वाटे, कर्ज फिटलं की हे खूळ जाईल. म्हणून हिरडे फोडले, पापड लाटले, अंगावर धड लुगडं घेतलं नाही.

गहाण सुटलं त्या दिवशी तो कागद मी ह्यांच्या हातात ठेवला. "घ्या. आता घर मोकळं झालं. आता तरी पुरे करा."

त्यांनी तो उजेडात धरून सावकाश वाचला. आपल्या नावापाशी थांबले, मग पुढची हक्काची ओळ वाचली. पहिल्याच घडीवर नीट घडी घातली. "जपून ठेव," म्हणाले, आणि देवळाकडे गेले.

मी गोडाचं केलं, दोन पाट मांडले. अंगणात पावलं वाजली तशी दार सताड उघडून मी उंबऱ्यातच उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं. वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि माझ्याकडे बघत खाकरले.